टिनावरची लाल ओढणी

जमनाबाईच्या घरात पाऊल टाकलं की आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा गिलास समोर येणार. मग तुम्ही सोयरे असा नाहीतर वैरी. सिंध्यांची रीतच ती. सिंध सुटला, चालतं दुकान सुटलं, रीत तेवढी सुटली नाही.

अमरावतीत येऊन वर्षं लोटली, तरी बाई अजून परदेशीच. भाजीवाल्या वच्छलाबाईच्या घरामागची टिनाची खोली, उन्हाळ्यात माणूस उकडून काढणारी. नागरिकत्वाचा कागद नाही, म्हणून तिच्या नवऱ्याला, खेमचंदला, धड काम नाही. ती पापड लाटते, तो विकतो. तेही गल्लीत नाही हो! गल्लीत घरोघरी पापड, घेणार कोण? म्हणून तो अकोल्याला जातो. न विचारता शहर सोडू नका, असं पोलिसांनी दोघांना बजावलेलं. विचारायला गेलं की चकरा. मग जातो चोरून, आणि तो परतेपर्यंत हिचा जीव मुठीत.

भीती उगाच नव्हती. तिकडं सिंधमध्ये तिचा दीर असाच संध्याकाळी घरी आला, तर पोलीस आत बसलेले. नेला तो नेलाच. तेव्हापासून घरच्या बायांनी ठरवून टाकलं, आत धोका असला की छपरावर लाल ओढणी टाकायची. ती दिसली की पुरुषानं फोन बंद करून उलट्या पावली पळायचं. इकडं आल्यावर ती वेळ कधी आली नव्हती.

त्या दुपारी दारात मोटारसायकल थांबली. खाकी कपडे पाहून जमनाबाई लाटणं ठेवून उठली. हवालदार सागर, वयानं पोरगाच.

"खेमचंदभाऊ कुठी आहेत, बाई?"

"देवळात गेले, साहेब."

"येऊ द्या. बसतो मी."

आणि बसला की मेला! तिनं पापड-पाणी ठेवलं. तो आरामात पापड मोडत राहिला. अकोल्याची गाडी यायची वेळ झाली होती. बाईला काही सुचेना. धुणं घालायचं निमित्त करून ती मागं गेली, स्टुलावर चढली आणि टिनावर ओढणी पसरून आली.

परतली तर सागर हसून राहिला होता. "आता सांगूनच टाकतो. तुमच्या नागरिकत्वाचं काम झालं, बाई! भाऊले पाचच्या आत सही कराले साहेबाकडे घेऊन या. उद्या साहेबाची बदली आहे, मंग फाईल पुन्हा वर जाईन. पेढे खाल्ल्याबिगर सांगाचंच नव्हतं मले."

अगं माय! बाई ओढणी काढायला मागं धावली. तेवढ्यात वच्छलाबाई धावत आली. "काहून वं जमना, खेमचंदभाऊ गल्लीच्या तोंडापाशी आले न् तसेच पळाले! म्या आवाज देल्ला, पाह्यलंबी नाही."

जमनाबाईनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. मग रडत रडत तिनं सागरला सगळं सांगितलं, अकोल्यासकट.

"अकोल्याचं मंग पाहू," तो म्हणाला. "बसा मांगं, स्टँडवरच गेले असतीन."

बसस्टँडवर धारणीची गाडी सुटतच होती. मागच्या खिडकीत खेमचंद, रिकामी पिशवी छातीशी धरलेला. "मिळालं हो! उतरा!" ती जीव तोडून ओरडली. सागरनंही बिचाऱ्यानं चांगल्या मनानं हात हलवले, शिट्टी मारली.

गाडीच्या घरघरीत शब्द कुठले पोचायला! खेमचंदला दिसली ती पोलिसाच्या गाडीवर बसलेली, रडणारी आपली बायको. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. माफ कर, म्हणावं तसे त्यानं तिला दोन्ही हात जोडले, आणि खिडकीखाली वाकून दिसेनासा झाला.