भरतीच्या पाण्यात आत्या

माझी आत्या रस्त्यानं चालताना शेजारच्याचा हात धरायची. तो ओळखीचाच असावा, अशी तिची अट नसे. धरमपेठेत रस्ता ओलांडताना तिनं एकदा अनोळखी पोस्टमनचं मनगट धरलं आणि पलीकडे पोचल्यावरही चार घरं सोडलं नाही. कुत्री, वीज, लिफ्ट, तिला सगळ्याची भीती वाटे आणि ती लपवावी, असं तिच्या मनातही येत नसे. "मले भेव लागून राहिलं," हे ती तहान लागल्यासारखं सांगायची.

सत्तरच्या दशकात मला नर्सची पहिली नोकरी कोकणातल्या एका लहानशा बंदराच्या गावी लागली. आई लवकर गेली, मला वाढवलं ते आत्यानंच. पोर पाण्याकाठी एकटी राहते, या विचारानं तिला झोप येईना. शेवटी गाड्या बदलत ती मला बघायला आली.

समुद्र ती पहिल्यांदाच पाहत होती. आधी ती सुरूच्या झाडांआडूनच तो बघत राहिली. मग ओहोटी लागली, वाळू उघडी पडली आणि समोरच्या खडकाळ बेटावर बायका कालवं काढायला जाताना दिसल्या. तेव्हा तीच म्हणाली, आपणही जाऊ. बेटावर ती शंख वेचण्यात अगदी हरवून गेली. बाकीच्या बायका कधी परतल्या, ते आम्हाला कळलंच नाही.

निघालो तेव्हा पाणी घोट्याशी होतं. अर्ध्या वाटेवर मांड्यांना लागलं. पायाखालची वाळू सरकत होती. पोहणं दोघींनाही येत नव्हतं. आत्यानं लुगड्याचा पदर माझ्या मनगटाला गच्च बांधला.

"मले भल्लं भेव लागून राहिलं वं," ती म्हणाली. "पण तू चाल. खाली पाहू नको."

पाणी छातीशी आलं तेव्हा एका कोळ्यानं आम्हाला पाहून होडी वळवली. होडीत बसल्यावरही ती गाठ सुटेना. शेवटी त्यानं सुरीनं पदर कापला.

पुढच्या आठवड्यात तिला एस.टी.त बसवायला गेले. आता ही मला नोकरी सोडायला लावणार, असं वाटत होतं. मी इतकी हादरले होते की, मलाही तेच हवं होतं.

"नोकरी नको सोडू," ती खिडकीतून म्हणाली. "भ्याचं काम मी घरी बसून करतो. तू तुही ड्युटी कर."

त्या गावात मी बरीच वर्षं राहिले. भर पावसात होडीनं खाडी ओलांडून बाळंतपणं केली. आत्या गेल्याची तार दवाखान्यात आली, तेव्हा बाहेर स्वच्छ ऊन होतं. तार हातात घेऊन मी दाराशी आले. समुद्र अगदी शांत होता आणि त्याच्याकडे बघताना आता मला भेव लागून राहिलं होतं.