वहिनीचा दुसरा रिपोर्ट

माझ्या वहिनीला घराबाहेर काढणारा कागद मी लिहिला होता.

आज तिचा स्मृतिदिन. इतकी वर्षं टाळलं, आज लिहिते.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बीएस्सी होऊन एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. तपासणी खोटं बोलत नाही, असं ठाम वाटायचं.

वहिनीचे दोन गर्भपात झाले होते. सांधे दुखायचे. नाकागालांवर लाल चट्टे.
डॉक्टरांनी व्हीडीआरएल सांगितली. गुप्तरोगाची तपासणी. रक्त मीच घेतलं.

पॉझिटिव्ह.

दादाचं निगेटिव्ह.

घरीही मीच सांगितलं. उपचार व्हावेत म्हणून.

"वन्सं, देवाशप्पथ, मी तसलं काय बी केलं न्हाय."

आई म्हणाली, "आमची पोर बीएस्सी हाय. ती खोटं लिव्हंल व्हय?"

मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी दादानं वहिनीला मंगळवेढ्याच्या एसटीत बसवलं. माहेरी.

काही महिन्यांनी तिच्या भावानं तिला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. पाय सुजलेले, चेहरा ओळखू न येणारा.

नव्या डॉक्टर मॅडमनी चट्टे पाहिले, माझा जुना रिपोर्ट पाहिला.
"एलई सेल बघितल्या का कुणी?"

मी वहिनीच्या रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावली. एका पांढऱ्या पेशीनं दुसरीचं केंद्रक गिळलेलं. स्पष्ट.

ल्युपस. यात शरीर स्वतःविरुद्धच अँटीबॉडी बनवतं.
मॅडम म्हणाल्या, "त्यातल्याच काही व्हीडीआरएलला फसवतात. हिला गुप्तरोग नाहीच."

नवा रिपोर्ट घेऊन मी घरी धावले. आईनं हातातसुद्धा घेतला नाही.
"पैला बी तूच लिव्हलास, ह्यो बी तूच. कंचा खरा मानायचा?"
दादा उठून बाहेर गेला.

मग वॉर्डात जाऊन वहिनीला वाचून दाखवला.
ती डोळे मिटून ऐकत होती.
"परत वाचा की, वन्सं. जरा मोठ्यानं. ह्या बायास्नी बी ऐकू द्या."

मी पुन्हा वाचला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

तोवर ल्युपसनं वहिनीच्या किडन्या गेल्या होत्या. ती घरी परतली नाही.

गुप्तरोगाला तेव्हाही औषध होतं. म्हणजे रोग असता, तरी औषध द्यायचं होतं, एसटीत बसवायचं नव्हतं. एवढं तरी मला त्या दिवशी बोलता आलं असतं.

वहिनी, आज पुन्हा वाचतेय. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुम्हाला तो रोग नव्हता. तुम्ही खरं सांगत होता.

उशिरा का होईना, हीच माझी श्रद्धांजली.

तुमची वन्सं