ओल्या कपड्यांतलं पाणी कुठे जातं?

मैत्रिणींनो, मी बेचाळिसाव्या वर्षी टपालाने बी.एड. करते आहे आणि उद्या माझा परीक्षेचा पाठ आहे, बाष्पीभवनावर. आज सरावासाठी सासूबाईंनाच विद्यार्थिनी केलं.

"ओल्या कपड्यांतलं पाणी कुठे जातं?"

"खाली शांताच्या पापडाइवर. सकाळपासून भांडून राहिली ते."

मला ‘वाफ होऊन हवेत’ हे उत्तर हवं होतं. "चूक," मी म्हटलं.

"काहून वं? जाऊन पाह्य नं!"

खाली जाऊन पाहिलं, तर आमच्या दोरीवरच्या कपड्यांचं पाणी ठिबकून पापड खरंच भिजले होते. मी खालच्या मजल्यावरच्या शांताची माफी मागितली आणि ते नागपूरच्या उन्हात सरकवले. तासाभरात खडखडीत वाळले.

सासूबाईंनी वरून विचारलं, "शांते, आता पाणी कुठं गेलं वं?"

"उडालं नं बाई, उन्हानं!" शांता हसली.

माझा पाठ दोघींनीच पूर्ण केला. सांगा, उद्या वर्गात काय नेऊ, टिपण की ओला पापड?