गणवेशवाल्यांना नसलेलं खातं

"तुझ्यासाठी नाही रे बाळा," असं म्हणताना ताई चष्मा कपाळावर चढवायच्या. वाक्य इंग्रजीत, सूर अस्सल सांगलीचा. समोर धिप्पाड अमेरिकी सैनिक ओशाळून उभा असायचा.

फ्रँकफर्टजवळच्या एका अमेरिकी लष्करी तळावर मी आणि ताई एकाच कचेरीत होतो. ताई लग्नानंतर अमेरिकेच्या झालेल्या, यजमानांच्या नोकरीमुळं इथं आलेल्या. पगाराबरोबरच्या सवलती समजावणं हे ताईंचं काम. मुलांच्या पाळणाघराचे पैसे कर कापण्याआधीच पगारातून वेगळ्या खात्यात टाकता येत. तेवढ्यावरचा कर वाचे. पण ही सोय तेव्हा फक्त मुलकी नोकरांना. गणवेशवाल्यांना नाही.

"लढायला हा हवा, आणि सवलत मात्र मला," ताई माझ्याजवळ कुरकुरायच्या. "कुठल्या शहाण्यानं ठरवलं गं हे?"

एक सार्जंट होता. बायको वारलेली, पदरी लहान मुलगी. त्यानं खात्याची चौकशी केली. ताईंनी नाही म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न. मग पुन्हा.

"याला कळत नाही का हो?" मी वैतागले.

"तुलाच कळत नाही. प्रश्न मला विचारतो, पण बघतो कुठं?"

तो पलीकडच्या टेबलाकडे बघत होता. तिथं आमची एक अमेरिकी सहकारी बसायची. तो आला की तिचं टायपिंग थांबायचं.

मग त्याच्या बदलीचा हुकूम आला. निरोप घ्यायला आला, घुटमळला, आणि शेवटी पुन्हा खात्याबद्दलच बोलला! ताईंचा धीर सुटला.

"तुला मिळत नाही! पण इथं नोकरी करणाऱ्या बायकोला मिळतं. तेवढं बघ."

पलीकडून बारीक आवाज आला, "पण त्यानं विचारायला तर हवं."

त्यानं विचारलं. तिथंच, टोपी हातात चुरगाळत.

लग्न गावातल्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जर्मन विवाह नोंदणी कचेरीत झालं. तिथं तांदूळ उधळायला सक्त मनाई. ताईंनी तरी सगळ्यांच्या मुठीत अक्षता दिल्या. तिथल्या अधिकारीण बाई ओरडायला लागल्या, तर ताई "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", करत हसल्या, जणू आपलं कौतुकच चाललंय. नंतर मात्र झाडू मागून घेतला आणि पदर खोचून पायऱ्या स्वतः झाडल्या. सार्जंटची मुलगी सुपली धरून बसली होती.

पुढं ताईंचे यजमान निवृत्त झाले आणि दोघं अमेरिकेला परतले. विमानतळावर सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. तपासणीच्या रांगेत ताईंच्या पुढं एक बाई बाबागाडीची घडी घालताना झगडत होती. ताईंनी तिचं बाळ खांद्यावर घेतलं, त्याच्याशी मराठीत बोलत पुढं सरकल्या.

आम्ही हात हलवत राहिलो. त्यांनी मागं वळून पाहिलंच नाही.