टोपलीची झडप

शर्टाची एक बाही इस्त्री करून झाली होती आणि दुसरी ओलसरच होती, तेवढ्यात खालून दादांनी दांड्याने छताला दोनदा ठोकलं. एकदा ठोकलं म्हणजे चहा, दोनदा म्हणजे कुणीतरी आलंय. वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. वारसा खात्याच्या तपासणीवाल्या बाई अकराला यायच्या होत्या, आत्ता सव्वादहा वाजत होते. म्हणजे दादा कालच्याच चुरगळलेल्या शर्टात त्यांच्यासमोर उभे असणार. वहिनींनी इस्त्री बंद केली, देवाचं नाव घेतलं आणि पदराला हात पुसत मागच्या दाराशी गेल्या.

गल्लीत या नवरा-बायकोला बटणवाले म्हणतात. खाली बटणं, दोरे, अस्तर यांचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर. दादांच्या आजोबांनी पहिल्या दिवसापासून भाड्याने घेतलेलं. अशी सहा दुकानं एका ओळीत, एकाच गवंड्याने शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेली. भिंतीच्या पायाशी हिरव्या फरश्या आणि दाराकडे वळत गेलेली दुकानाची काच. आता मालकाला ओळ पाडून तिथे उंच इमारत उठवायची होती. बाईंनी ओळ जपण्यासारखी आहे असं लिहिलं तर ती टिकणार होती, नाहीतर वर्षाच्या आत घर रिकामं करायचं होतं. दादा सत्तरीचे, वहिनी पासष्टीच्या. या वयात बटणांचे चारशे डबे घेऊन जायचं कुठे, हे दोघांपैकी कुणीच मोठ्याने विचारत नव्हतं.

बाई मागच्या जिन्याने वर आल्या. बरोबर मालकाचा कारकून होता आणि त्याच्या मागे गुडघा धरत दादा. बाईंनी भिंती मोजल्या, खिडकीची कडी उघडून पाहिली. घर आरशासारखं होतं. आठ दिवस घासून वहिनींच्या बोटांची सालं निघाली होती.

"घर छान ठेवलंत," बाई म्हणाल्या, पण वहीत काहीच लिहिलं नाही.

कारकुनाने लगेच संधी साधली. "दुकान वेगळं, खोल्या वेगळ्या. जिना मागून, तोही बाहेरचा. वर कधीकाळी कुणीही भाडेकरू राहत असेल. यात जपायचं काय, सांगा."

बाईंनी पेन्सिलीचं टोक हनुवटीला लावलं. त्या म्हणाल्या की शहराबाहेर अशा ओळी त्या काळी शेकड्यांनी बांधल्या गेल्या आणि त्यांचे दर्शनी भाग अजून पुष्कळ सापडतात. सापडत नाही ते वरचं घर आणि खालचं दुकान मिळून कसं चालत असे, याची खूण. बाकीच्या पाच दुकानांत त्यांना ती मिळाली नव्हती.

"खालचं काम वर कसं येतं?" शिलाई मशीनकडे बघत त्यांनी दादांना विचारलं.

"आणतो मी," दादा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

ती खूण वहिनींच्या शिलाई मशीनखाली होती. जमिनीत दोन हात लांब-रुंद झडप होती. गिऱ्हाइकाने कोट काढून दिला की दादा तो झडपेतून दोरीने सोडलेल्या टोपलीत टाकायचे, वहिनी दोरी ओढायच्या, बटण लावायच्या आणि टोपली खाली सोडायच्या. चार मिनिटांचं काम. तोवर गिऱ्हाईक दादांशी राजकारणावर भांडायचं. वहिनींच्या आधी सासूबाई टोपली ओढत आणि त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई.

दोन वर्षांपूर्वी नातीचा पाय त्यातून खाली गेला. चार वर्षांची पोर काठाला दोन्ही कोपरांनी लटकली होती. तिला वर ओढून घेतल्यावर वहिनींनी त्याच संध्याकाळी सोळा खिळे ठोकले, वर लिनोलियमची जाड चटई अंथरली आणि त्यावर मशीन ठेवलं. खालून दादांनी प्लायवूड मारलं. तेव्हापासून कोट घेऊन ते जिना चढत होते आणि निरोपाला दांडा होता.

सकाळीच दादांनी बजावलं होतं की झडपेचं नाव काढायचं नाही. इमारत धोक्याची असल्याचं कारकून आधीच सांगत फिरत होता, त्याच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं. वहिनींनी मान हलवली होती. देवासमोर बसल्यावर मात्र त्यांनी एवढंच मागितलं होतं की आज तोंडून खोटं निघू नये.

बाईंनी वही मिटली. "मग बाकीच्या पाचांसारखंच."

"बाई," वहिनी म्हणाल्या, "मशीन सरकवायला जरा हात लावता का?"

दादांनी डोळे मिटले.

लिनोलियम गुंडाळलं गेलं. वहिनी पकड घेऊन जमिनीवर बसल्या. पंधरा खिळे निघाले, सोळावा निघता निघेना. कारकून वाकून बघत होता.

"पाहिलंत? जमिनीला भोक आहे. गल्लीत म्हणतात ती पोरगी यातूनच पडली होती ना?"

"पडली नाही, पडता पडता राहिली," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "आणि झडप उघडी मी टाकली होती. त्यात घराचा काय दोष?"

सोळावा खिळा कुरकुरत निघाला. दादा एव्हाना खाली गेले होते. त्यांनी प्लायवूड उचकटलं आणि दुकानातला उजेड वरच्या खोलीत आला. बाई गुडघ्यांवर बसल्या, बॅटरी धरून तुळयांचे सांधे बोटांनी चाचपले. तुळया मुळातच तिथे आखूड ठेवून आडवी तुळई जोडली होती. म्हणजे झडपेची चौकट घराइतकीच जुनी होती. तिच्या काठाला दोरीने घासून बोटभर खाच पडली होती. बाईंनी त्या खाचेवरून बोट फिरवलं.

"चहा टाकतेस का?" खालून दादांनी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा दांड्याशिवाय.

बाईंनी वही उघडली आणि पानभर लिहिलं. मग म्हणाल्या, "ओळ जपावी अशी शिफारस मी करते. पण या कारकुनांचं म्हणणंही मला लिहावं लागेल. पंधरा दिवसांत झडपेभोवती मजबूत कठडा दिसला नाही, तर धोक्याचा मुद्दा मला खोडता येणार नाही. आणि पुन्हा खिळे ठोकू नका."

कारकून म्हणाला, बघू.

चहा झाला, माणसं गेली. इस्त्री गार पडली होती, शर्टाची दुसरी बाही तशीच लोंबत होती. वहिनींनी मशीन झडपेवर पुन्हा ओढून ठेवलं, आधी मात्र चारही बाजूंची मापं दोऱ्याने घेऊन दोऱ्याला गाठी मारल्या. मग दोरा मुठीत धरून त्या कठडा सांगायला सुताराकडे निघाल्या.