टाकीत जीव येईपर्यंत

रोहिदासला कोणी विचारलं की कंपनीत तुझ्या हाताखाली माणसं किती, तर तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा की माणूस एकही नाही, पण जित्राबं मोजायला बसलो तर जन्म पुरायचा नाही. विचारणारा हसायचा. रोहिदास हसत नसे, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग रंगवणारी एक कंपनी आहे. तिच्या मागच्या अंगाला, कँटीनच्या मोरीपलीकडे, सांडपाणी साफ करायचा प्लांट आहे. तिथल्या मोठ्या टाकीत अष्टौप्रहर खालून हवा सोडलेली असते आणि पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव घाण खाऊन पाणी निवळतात. त्या जिवांना जगवायचं, एवढीच रोहिदासची नोकरी. बावीस वर्षं त्याने ती इमानाने केली.

कंपनी उभी आहे त्या जमिनीचा एक तुकडा त्याच्या बापाचा. जमीन गेली आणि नोकरी आली, तीही गटारावर, म्हणून भावकीने त्याची यथेच्छ टिंगल केली होती. पण शेतकऱ्याच्या पोराला गुरं कळतात, मग ती केवढी का असेनात. टाकी मंदावली की तो तिला गूळ घाली, थोडा युरिया, चिमूटभर खत. दिवाळीत गूळ जरा सढळ हाताने. पाणी गढूळ तपकिरी दिसलं आणि नांगरलेल्या रानासारखा वास आला की टाकी ठणठणीत आहे, हे तो नाकाने शिकला होता. ऑफिसने दिलेल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवून तो रोज सकाळी आपल्या जनावरांची पाहणी करी. देठावर उभे राहून घंटेसारखे उघडझाप करणारे जीव दिसले की मगच त्याला चहा गोड लागे.

निवळलेलं पाणी कंपनीमागच्या ओढ्यात जाई. ओढ्याच्या खालच्या अंगाला सोनबाचं भाजीचं रान होतं. सोनबा त्याचा थोरला चुलतभाऊ. उरल्यासुरल्या पाऊण एकरात मेथी-कोथिंबीर काढून तो बाजारात न्यायचा, आणि मोटर लावून ओढ्याचंच पाणी उचलायचा.

आणि अशा माणसाच्या हातून ते झालं.

त्या शुक्रवारी पेंट शॉपची वर्षाची साफसफाई होती. पत्रा धुवायच्या हौदातलं आम्लाचं, जस्ताचं पाणी सोडायचं होतं. हे पाणी आधी वेगळ्या टाकीत चुना घालून मारून घ्यायचं आणि कागदाची पट्टी बुडवून तपासल्यावरच जिवांच्या टाकीत सोडायचं, असा नियम. पेंट शॉपचा इंजिनीअर कुलदीप म्हणाला की तपासलंय काका, सोडा. रोहिदासच्या खिशात पट्ट्या होत्या. पण शिफ्ट सुटत आली होती, कंपनीची बस गेटवर उभी होती, आणि कुलदीप काही लबाड पोरगा नव्हता. त्याने सकाळचं पाणी तपासलं होतं. दुपारचं तपासायचं राहून गेलं होतं. रोहिदासने वॉल्व्ह फिरवला आणि बस पकडली. एवढंच. माणसाचं नाव जायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

शनिवारी सकाळी टाकी राखाडी पडली होती. वर पांढरा फेस आणि वास मुळीच नाही. थेंब काचेवर घेतला तर घंटा देठावरून गळून पडलेल्या, हालचाल शून्य. त्याने शेणाच्या दोन पाट्या आणून टाकल्या. त्यातले जीवही संध्याकाळपर्यंत मेले, कारण विष टाकीत होतंच. खरा उपाय एकच होता: टाकी उपसायची आणि दुसऱ्या प्लांटमधला जिवंत गाळ आणून ओतायचा. शेजारच्या कंपनीतला मन्सूर तिथे हेच काम करायचा, मागितला असता तर त्याने एका शब्दावर दिला असता. पण गाळाला टँकर लागतो, टँकरला गेटपास लागतो, आणि गेटपासवर कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं की चौकशी, आणि चौकशीत पहिला प्रश्न पट्टीचा. रोहिदासने रजिस्टरमध्ये 'ठीक' असं लिहिलं. त्या शब्दाची त्याला जन्मात पहिल्यांदा लाज वाटली, तरी त्याने तो लिहिला.

रविवारी घरी त्याची मुलगी स्वप्नाली सोमवारच्या तासाची तयारी करत होती. चिंचवडच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवते. तिला मोठ्याने वाचत तयारी करायची सवय. पृथ्वीवर जीव कुठून आला, हा धडा. सुरुवातीला कुठेच काही जिवंत नव्हतं, ती वाचत होती. नुसतं पाणी, वायू, खडक आणि कडाडणाऱ्या विजा. पुढे शास्त्रज्ञांनी ते करून पाहिलं. काचेच्या बंद भांड्यात पाणी, अमोनिया, मिथेन, हायड्रोजन घातलं, आत ठिणग्या सोडल्या, आणि आठवडाभरात ते पाणी तांबूस-तपकिरी झालं. त्यात जिवाला लागणारी द्रव्यं आपोआप तयार झाली होती.

रोहिदासचा घास हातातच राहिला. किती दिवसांत म्हणालीस, असं त्याने विचारलं. आठवडा, असं ती वर न बघता म्हणाली. त्याला आणखी विचारायचं होतं, पण प्रश्न वाढले असते तर तिला संशय आला असता. तो उठून हात धुवायला गेला.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. एरवी गुळात माशी पडली तरी ओळखणारा हा माणूस, पण भीतीने त्याची अक्कल गहाण पडली. पाणी आहे, युरियातून अमोनिया निघतोच, खत आहे, हवा आहे. मग आठवडाभर थांबलं तर काय बिघडलं? सोमवारी त्याने गूळ दुप्पट घातला. मंगळवारी हवा वाढवली. रोज 'ठीक' लिहिलं, आणि रोज ते मेलेलं पाणी ओढ्यात जात राहिलं. बुधवारी वॉचमन सांगत आला की ओढ्यात मासे उलटे झालेत. रोहिदास म्हणाला की वरच्या कंपनीनं काही सोडलं असेल. हे खोटं त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की तो स्वतःच दचकला.

गुरुवारी मात्र थेंबात हालचाल दिसली. बारीक बारीक ठिपके जागच्या जागी थरथरत होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मोबाइल भिंगाला लावून व्हिडिओ घेतला आणि संध्याकाळी घरी जाऊन आधी मुलीपुढे धरला.

"बघ, आला का न्हाई जीव? आठवड्याच्या आत आला."

स्वप्नालीने दोनदा पाहिलं. मग मोबाइल खाली ठेवून तिने अगदी हळू विचारलं, की अप्पा, यातला एकतरी ठिपका जागा सोडून पुढे जातोय का? जात नव्हता. पाण्यातला निर्जीव गाळही असाच थरथरतो, हे बावीस वर्षं भिंगात बघणाऱ्या माणसाला तिने सांगायची गरज नव्हती. त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

"पण तूच म्हनलीस, आठवडा."

"आठवड्यात झाल्या त्या नुसत्या विटा, अप्पा. विटांचं घर व्हायला कोट्यवधी वर्षं लागली असतील. ते कसं झालं, हे अजून कोणालाच नक्की सांगता येत नाही. कुठल्याच भांड्यात अजून जीव उठलेला नाही."

मग तिने सगळं समजावून सांगितलं. तेव्हा हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता, म्हणून ती नाजूक द्रव्यं टिकली. तुम्ही खालून सोडता ती हवा त्यांना जाळत गेली असती. तेव्हा त्यांना खाणारंही कोणी नव्हतं. आता कुठे काही नव्याने जुळून येऊ लागलं, तर आधीचे जीव ते फस्त करतील. ते एकदा कधीतरी घडलं, आणि तेव्हापासून जीव जिवापासूनच होत आलाय. बोलता बोलता ती थांबली. बापाने हे का विचारलं, ते तिला उमगलं होतं.

"टाकी कधी मेली?"

"मागल्या शुक्रवारी."

"आणि पाणी कुठे जातंय?"

पाणी कुठे जातं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. स्वप्नालीने तोंड फिरवलं. तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. मग त्याने मन्सूरला फोन लावून सगळं सांगितलं, आणि कंपनीच्या मॅनेजरलाही फोन करून ओढ्याकडचा वॉल्व्ह बंद करायला लावला. मॅनेजर काय काय बोलला ते त्याने मान खाली घालून ऐकलं. उद्या नोकरी राहील की नाही, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

शुक्रवारी कंपनीत जायच्या आधी तो ओढ्यावर गेला. सोनबाची मोटर चालू होती. मेथीची पानं कडेने पिवळी पडून करपली होती, आणि सोनबा बांधावर बसून एकेक जुडी निवडून बाजूला टाकत होता. रोहिदासला बघून त्याला बरं वाटलेलं दिसलं. बस म्हणाला. मग आपणहून सांगू लागला की परवा मासे मेले तेव्हा सगळी वाडी ओढ्यावर जमली होती, कंपनीवर मोर्चा न्यायचं चाललं होतं.

"मी आडवा झालो," सोनबा म्हणाला. "म्हनलं, तिथं आमचा रोहिदास हाय. त्याच्या हातनं असं व्हायचं न्हाई. पोरं अंगावर आली माझ्या. पर मी काय हटलो न्हाई."

रोहिदास उठला आणि त्याने मोटरचं बटण बंद केलं.

"दादा, ते माझ्याच हातनं झालं."

सोनबाच्या हातातली जुडी हातातच राहिली.

"मी भांडलो तवा तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

सोनबाने जुडी खाली ठेवली, धोतराची माती झटकली आणि उभा राहिला.

"चल वाडीत. तूच सांग त्यांना. माझं आता कुनी ऐकायचं न्हाई."

तो पुढे चालू लागला. वाडी येईपर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.