डावी भुवई

शनिवारी सकाळी आप्पांचं हृदय बंद पडलं. हॉस्पिटलात ते पुन्हा सुरू झालं.

आप्पा माझे वडील. सांगलीच्या बाजारात ते चाळीस वर्षं हळदीची प्रत ठरवत होते. मी साताऱ्यात कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. फोन आला तशी निघाले. कराड मागे पडलं तरी बॅगेत काय भरलंय ते मला आठवत नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, हायपॉक्सिक ब्रेन इंज्युरी. म्हणजे प्राणवायू न पोचल्यामुळे मेंदूला झालेली इजा. "किती झालीय, ते आत्ता सांगता येणार नाही." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

सहाव्या दिवशी श्वासाची नळी काढली. श्वास ते स्वतः घेऊ लागले. डोळे उघडायचे, पण कुणाकडे बघायचे नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, "पुन्हा श्वास अडकला तर व्हेंटिलेटर लावायचा का, ते घरच्यांनी ठरवून ठेवा."

घरचे म्हणजे मी आणि आत्या. आत्या आप्पांची थोरली बहीण, जतकडची. तिनं पिशवीतून हळकुंड काढलं, मोडलं आणि आप्पांच्या नाकाशी धरलं. आप्पांचं नाक आक्रसलं. भुवई वर गेली.

"वळखलं बघ! माल पसंत पडला की अशीच भुवई उडवायचा न्हवं?"

ते खरं होतं. बाजारात आप्पा बोलत नसत. हळकुंड मोडायचे, हुंगायचे आणि डावी भुवई उचलायचे. व्यापाऱ्यांना तेवढं पुरे व्हायचं.

तेव्हापासून भेटीच्या वेळेत मी फक्त त्यांच्या कपाळाकडे बघत बसायचे. बाहेर बाकावर आले की शंका यायची, आज उडाली होती की मला तसं वाटलं?

नवव्या दिवशी ईईजी काढला. त्यात डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेची नोंद घेतात. आत्या तारा लावणाऱ्या मुलीला म्हणाली, "एवढ्या वायरी? रेडिओ लावतीस व्हय गं माझ्या भावाला?" मुलगी हसली. तिनं टाळी वाजवली, आप्पांना नावानं हाक मारली, नख दाबलं. शेवटी डॉक्टरांनी आत्याला हळकुंड धरू दिलं.

पडद्यावर काळ्या रेघांची एकदम गर्दी झाली. मी उभी राहिले. "मेंदूनं उत्तर दिलं," मी मोठ्यानं म्हणाले.

डॉक्टरांनी त्या रेघांवर बोट ठेवलं. "हे मेंदूचं नाही. कपाळाचे स्नायू आवळले की असं उमटतं. आम्ही त्याला आर्टिफॅक्ट म्हणतो, नोंदीत बाहेरून घुसलेली गोष्ट. मेंदूच्या लाटा या खालच्या, संथ. हळदीच्या आधी जशा होत्या तशाच नंतरही आहेत."

"मग तोंड कोण मुरडतंय?" मी विचारलं.

"ब्रेनस्टेम, मेंदूचा देठ. वास झोंबला की चेहरा तिथूनही हलतो. पण तो कशाचा वास आहे हे कळायला वरचा मेंदू लागतो." त्यांनी स्पिरिटचा बोळा धरला. पुन्हा तीच काळी गर्दी. मी आप्पांकडे पाहिलं. दोन्ही भुवया वर गेल्या होत्या. हळदीलाही दोन्हीच गेल्या असणार. इतके दिवस मी एकच पाहत होते.

आत्याला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "दोन्ही उडाल्या म्हंजी लयच पसंत पडली."

"एका तपासणीवर ठरवू नका," डॉक्टर म्हणाल्या. चार दिवसांनी पुन्हा ईईजी काढला. तसाच आला. आता शुद्धीवर येण्याची आशा फार थोडी आहे, असं त्यांनी सांगितलं. व्हेंटिलेटर नको, असं मी लिहून दिलं. आत्या शेजारी उभी होती. मी सही करताना तिनं कागद धरून ठेवला.

पुढच्या आठवड्यात छातीत कफ भरला आणि आप्पा गेले.

तुमचं माणूस असं पडून असेल आणि त्याचा चेहरा हलला, तर डॉक्टरांना विचारा, हे मेंदूचं की नुसत्या स्नायूंचं? उत्तराची भीती वाटेल. मला अजूनही वाटते. मी बरोबर ठरवलं का, हे मी रोज एकदा तरी स्वतःला विचारते.

आत्या अजून म्हणते, त्यानं वळखलं होतं. मी वाद घालत नाही. त्या हळकुंडाचा एक तुकडा तिच्याकडे आहे. दुसरा माझ्या टेबलाच्या खणात आहे.